सर्वांत कमी आकड्याचा जिल्हा

२०२० च्या ऑगस्टमध्ये, करोनाच्या धामधुमीत, राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा अहवाल प्रसिद्ध झाला. देशातल्या २८ नोंदणी केंद्रांनी २०१२ ते २०१६ या काळात जमवलेली माहिती त्यात होती. एका टोकाला मिझोराममधलं ऐझॉल होतं. तिथे पुरुषांमध्ये वयानुरूप प्रमाण लाखामागे २६९. स्त्रियांमध्ये अरुणाचलातला पापुमपारे जिल्हा सर्वांत वर, २१९. आणि यादीच्या अगदी तळाशी, पुरुषांत लाखामागे सुमारे ४० आणि स्त्रियांत सुमारे ५० एवढ्याच नोंदी असलेलं केंद्र होतं ‘उस्मानाबाद आणि बीड’.

म्हणजे आपला बीड जिल्हा कर्करोगाच्या बाबतीत देशात सर्वांत सुखी. असं खरंच आहे का?

हा प्रश्न कड्यासारख्या गावातून विचारून बघू. आष्टी तालुक्यातलं कडा नगर-आष्टी-जामखेड रस्त्यावर आहे. जिल्हा बीड, पण दुखणं जरा मोठं निघालं की गाडी वळते नगरकडे. ते पन्नासएक किलोमीटरवर. तिथे भागलं नाही तर पुणं. कुणी बार्शीला जातं, कुणी जामखेडला. २०२२ च्या सप्टेंबरात नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली आणि कड्याला स्टेशन मिळालं, पण ती यायच्या आधीपासूनच इथल्या आजाऱ्याचं तोंड पश्चिमेला आहे. जिल्ह्याचं मुख्यालय दुसऱ्या दिशेला राहतं.

आता समजा, कड्याजवळच्या एखाद्या वस्तीवरची पन्नाशीची बाई आहे. पाळी जाऊन दोन वर्षं झाली आणि पुन्हा अंगावरून जायला लागलं. गावातल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. मग नगरला सोनोग्राफी झाली, तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल आला तेव्हा ती पुण्यात पुतण्याच्या घरी होती, म्हणून केसपेपरवर पत्ता पडला हडपसरचा. सहा महिने उपचार झाले. शेवटी घरी आणलं आणि वस्तीवरच ती गेली. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद झाली. कारणाच्या रकान्यात काय लिहिलं असेल? बहुधा काहीच नाही, किंवा ‘आजारपण’. तिच्या आजाराचे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी ट्रंकेत.

ही बाई कर्करोगाच्या अहवालात कुठे आली? नगरच्या पॅथॉलॉजीत ती एक क्रमांक आहे. पुण्याच्या रुग्णालयात ती हडपसरची रहिवासी आहे. बीडच्या खात्यात तिचा मृत्यू आहे, रोग नाही. तीन ठिकाणी ती थोडी थोडी आहे आणि पूर्ण कुठेच नाही. कर्करोग नोंदणीचा नियम असा, की त्या भागात किमान एक वर्ष राहणारी व्यक्तीच तिथली धरायची. उपचार कुठे झाले याला महत्त्व नाही. म्हणजे नियमाप्रमाणे ही बाई बीडचीच. पण तिला बीडची म्हणून शोधून काढायला कुणीतरी तिन्ही ठिकाणचे कागद एकाशेजारी एक ठेवून ‘ही तीच’ असं म्हणायला हवं.

ते म्हणण्याचं एक शास्त्र आहे. इंग्रजीत हेल्थ इन्फर्मेटिक्स, आपण आरोग्य माहितीशास्त्र म्हणू. नाव ऐकलं की लोकांच्या डोळ्यांसमोर संगणक येतो. दवाखान्यातलं बिलिंगचं सॉफ्टवेअर किंवा मोबाइलवरचं अॅप. संगणक त्यात आहेच, पण तो बराच उशिरा येतो. आजारी माणसाबद्दलची एक गोष्ट कुणी, कधी, कोणत्या शब्दात, कोणत्या कागदावर लिहिली. ती पुढे कुठे गेली, वाटेत काय गळलं. आणि शेवटी जो आकडा छापला गेला त्यावर विसंबून निर्णय घ्यावा का, हा या विषयाचा गाभा. तो विषय शिकवणारे आणि त्यात संशोधन करणारे प्राध्यापक जगभर आहेत. अमेरिकेत तर २०११ पासून ती डॉक्टरांची मान्यताप्राप्त उपशाखा आहे. आपल्याकडे या नावाची पाटी क्वचित दिसते. पण पाटी नसताना हे काम किती नेटाने झालं, ते पाहायला कड्याहून फार लांब जावं लागत नाही. बार्शीपर्यंत गेलं तरी पुरे.

भारतातली लोकसंख्येवर आधारित पहिली कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. डॉ. डी. जे. जसावाला आणि इंडियन कॅन्सर सोसायटीचं ते काम. शहरात पद्धत सोपी होती, निदान सांगायला तरी. सगळी रुग्णालयं, सगळ्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळा, महापालिकेचं मृत्यू नोंदणी कार्यालय, यांच्याकडे नोंदणीचे कर्मचारी जाणार आणि कर्करोगाची प्रत्येक केस उतरवून आणणार. १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली मुंबई, बंगळूर आणि मद्रासमध्ये अशा नोंदी सुरू झाल्या. पण देश तर खेड्यात राहत होता. खेड्यात रुग्णालयात जाऊन नोंद करायची म्हटलं, तर जो रुग्णालयात गेलाच नाही त्याचं काय?

१९८७ मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं. या कामामागे बार्शीचे डॉ. बी. एम. नेने होते आणि संख्याशास्त्रज्ञ कस्तुरी जयंत होत्या. जयंतबाईंचं नाव डॉक्टरांच्या बाहेर फारसं कुणाला माहीत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. १९७७ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये एक निबंध आला होता. तोंडाच्या, घशाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगात तंबाखू ओढण्याचा वाटा किती आणि चघळण्याचा किती, याची मोजदाद त्यात होती. लेखकांत पहिलं नाव कस्तुरी जयंत. ‘तंबाखू वाईट’ हे सगळेच म्हणत होते. ‘किती वाईट, आणि कोणत्या प्रकारे घेतली तर कोणत्या जागी’ हे आकड्यात मांडायला संख्याशास्त्रज्ञ लागतो. ज्या संशोधिकेचं आयुष्य मुंबईतल्या अशा कामात गेलं, ती पुढे बार्शी-परांड्याच्या गावांच्या नोंदीत रमली, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

बार्शीला त्यांनी पद्धतच उलटी केली. रुग्णाने नोंदणीकडे यायची वाट न पाहता नोंदणीने गावात जायचं. प्रशिक्षित कर्मचारी ठरावीक काळाने प्रत्येक गावात जात. सरपंच, शिक्षक, दाई, गावातले जाणते, सगळ्यांशी बोलत. कुणाच्या तोंडात न बरी होणारी जखम आहे, कुणाच्या छातीत गाठ आहे, कुणाच्या अंगावरून अवेळी जातं, याची विचारपूस करत आणि संशयित रुग्णाला बार्शीला तपासणीसाठी यायला सांगत. गावात कोण वारलं आणि कशाने, तेही विचारत. जोडीला सोलापूर, पुणे, मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतून या तीन तालुक्यांतल्या रुग्णांची यादी आणायची ती वेगळीच.

आता यात एक गंमत झाली. खरं तर गंमत म्हणायचं नाही, पण माहितीशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे प्रकरण जरूर शिकवावं. मोजायला गेलेली माणसं मोजता मोजता लोकांना आजाराची लक्षणं सांगत होती. त्यामुळे बायका लवकर यायला लागल्या. गर्भाशयमुखाचा कर्करोग पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातच सापडण्याचं प्रमाण काही वर्षांतच वाढलं. जयंत, नेने आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये ते मांडलं. कोणतंही महागडं यंत्र नव्हतं. वही होती, आणि वही घेऊन येणाऱ्या माणसाशी बोलणं होतं. थर्मामीटर लावल्याने ताप उतरत नाही. इथे मात्र नुसत्या मोजण्याने आजाराचं चित्र बदललं.

बार्शीत पाया पक्का झाला म्हणून पुढची मोठी गोष्ट शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात होऊ शकली. १९९९ मध्ये टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लियोंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तिथे एक चाचणी सुरू केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट. चिठ्ठी टाकावी तसे गट चार भागांत वाटले. एका भागातल्या बायकांची एचपीव्ही या विषाणूसाठी तपासणी, दुसऱ्यात पेशींची पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी आणि चौथ्यात नुसती माहिती व नेहमीचे उपचार. तपासणी एकदाच. मग आठ वर्षं पाठपुरावा.

२००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल आला. एचपीव्ही गटात १२७ जणींना कर्करोग निघाला, तपासणी न झालेल्या गटात ११८ जणींना. इथेच वाचणं थांबवलं तर वाटेल, तपासणीने काय साधलं? उलट जास्तच निघाले! पण दुसऱ्या आणि त्यापुढच्या टप्प्यातले किती, हे बघा: पहिल्या गटात ३९, दुसऱ्यात ८२. आणि मृत्यू? ३४ विरुद्ध ६४. दोन्ही गटांचा आकार जवळपास सारखा. पॅप आणि व्हिनेगरच्या तपासणीने तेवढा फरक पडला नाही. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्मे होतात, याचा हा भरभक्कम पुरावा धाराशिवच्या खेड्यांतून आला. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही डीएनए तपासणीला पहिली पसंती दिली, तेव्हा समोर असलेल्या पुराव्यांत हा होता.

या चाचणीवर टीकाही झाली, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणी न देता आठ वर्षं पाहत राहणं योग्य होतं का? संशोधकांचं उत्तर असं, की त्या काळी तिथे कुणालाच तपासणी मिळत नव्हती, त्यामुळे काही काढून घेतलेलं नाही. मला हे उत्तर अर्धंच पटतं. ६४ हा आकडा वाचताना तो ६४ घरांचा आहे हे विसरता येत नाही. पण तो आकडा कुणी ठेवला नसता तर त्या ६४ जणी गेल्याच असत्या, आणि कुणाला काही कळलंही नसतं.

यात तपासणीचं श्रेय डॉक्टरांना जातं, ते बरोबरच. पण १,३१,७४६ बायकांपैकी नेमक्या ३४ आणि ६४ जणी याच रोगाने गेल्या हे आठ वर्षांनी सांगायला गावोगावची नोंदणी लागली. एखादी माहेरी गेली, एखादी ऊसतोडीला गेली, एकीचं नाव दोनदा आलं, हे सगळं निस्तरावं लागलं.

नावाचं निस्तरणं किती किचकट असतं, ते आपल्या भाषेत जास्तच जाणवतं. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, कित्येकदा नावही बदलतं. घरी ‘बाई’, मतदारयादीत एक, आधार कार्डावर दुसरं. मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं. वय ‘पन्नास’, दोन वर्षांनी विचारलं तरी ‘पन्नास’. त्यात रुग्णालयातला कारकून इंग्रजीत लिहिणार. मग एकच ‘शिंदे’ दोन स्पेलिंगांत. उच्चारावरून नावं जुळवायची साउंडेक्स नावाची युक्ती १९१८ पासून आहे, पण ती इंग्रजी नावांसाठी केलेली. ‘ठ’ आणि ‘थ’, ‘ळ’ आणि ‘ल’ यांचा तिला पत्ता नाही. मराठी नावांची जुळणी नीट करणारी पद्धत शोधणं हा कुणाही होतकरू संशोधकाला आयुष्यभर पुरेल असा विषय आहे.

आणि शब्द. मराठवाड्यातली बाई ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणते. तिच्या पिशवीत गर्भाशय आणि गर्भाशयाचं मुख दोन्ही आलं. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मात्र गर्भाशयमुखाला सी ५३, गर्भाशयाच्या मुख्य भागाला सी ५४ आणि ‘गर्भाशय, नेमकी जागा नोंदवलेली नाही’ याला सी ५५ असे वेगवेगळे संकेतांक आहेत. हे दोन निराळे रोग आहेत. एक विषाणूमुळे होतो आणि तपासणीने व लशीने टळू शकतो, दुसऱ्याचं तसं नाही. मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं ‘कॅन्सर युटेरस’ लिहिलं की ती बाई सी ५५ मध्ये जाते, आणि टाळता येण्याजोग्या मृत्यूंच्या हिशेबातून बाहेर पडते. लिहिणाऱ्याचा एक शब्द वाचला, एवढंच.

‘पिशवी’ हा शब्द बीड जिल्ह्यात आणखी एका कारणाने गाजला. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर झाली. विधिमंडळात आरोग्यमंत्र्यांनी आकडा दिला: जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया. नंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ऊसतोड बायकांचं सर्वेक्षण झालं. ८२,३०९ जणींना विचारलं, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. शंभरातल्या जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशभरात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं.

४,६०५ खरा की १३,८६१? दोन्ही खरे असू शकतात. पहिला आकडा रुग्णालयाच्या रजिस्टरमधला आहे, जिल्ह्याच्या हद्दीतला, तीन वर्षांपुरता, आणि सगळ्या बायकांचा. दुसरा त्याहून मोठ्या काळाचा, फक्त ऊसतोड बायकांचा, पण शस्त्रक्रिया नगरला झाली असो की सोलापूरला, सगळा धरलेला. सतरा टक्के आणि तीन टक्के यांची तुलनासुद्धा वयाचे गट सारखे करून मगच करायला हवी. तरीही तफावत मोठीच राहते, यात शंका नाही. रुग्णालयाला विचारलं तर शस्त्रक्रिया कळते. बाईला विचारलं तर बाई कळते. आणि विचारायचं तेही नीट. ‘ऑपरेशन झालं का?’ म्हटलं तर ती कुटुंबनियोजनाचं सांगेल. ‘पिशवी काढली का?’ असंच विचारावं लागतं.

आता पुन्हा लाखामागे चाळीसकडे येऊ. नोंदणीचा दर्जा तपासायच्या काही रीती आहेत. नोंदलेल्या रोग्यांपैकी किती जणांचं निदान सूक्ष्मदर्शकाखाली पक्कं झालेलं आहे? किती जणांचा पत्ता केवळ मृत्यूच्या दाखल्यावरून लागला? नव्या रुग्णांच्या तुलनेत मृत्यू किती? मृत्यूंची नोंद फारच कमी भरली, तर रोग सौम्य नसतो, मृत्यू निसटलेले असतात. शेजाऱ्याशी तुलना हीसुद्धा एक कसोटी. बार्शीत दारोदार जाऊन नोंद होते, तरी तिथलं प्रमाणही देशाच्या यादीत खालच्याच बाजूला आहे. म्हणजे आपल्या कोरडवाहू खेड्यांत कर्करोग शहरांपेक्षा खरोखर कमी असावा. बीडचा कमीपणा सगळाच भास नाही. पण बार्शीच्याही खाली बीड जातं, तेव्हा मधला फरक रोगाचा नसून वहीचा असण्याची शक्यता मनात धरावी लागते.

गणितात वरचा आकडा जसा निसटतो, तसा खालचाही. दर काढायचा तर लोकसंख्येने भागायचं. बीडची शेवटची मोजलेली लोकसंख्या २०११ ची, सुमारे २५ लाख ८५ हजार. त्यानंतरचं सगळं अंदाजाने. आणि २०११ ची शिरगणती झाली ९ ते २८ फेब्रुवारीत. त्या दिवसांत आष्टी-पाटोदा-शिरूरच्या टोळ्या कुठे असतात, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. शिरगणतीचा नियम असा, की त्या सगळ्या काळात जो घरी नाही त्याला जिथे सापडेल तिथे मोजायचं. म्हणजे बीडची कितीतरी माणसं त्या वर्षी कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या फडावर मोजली गेली. भागाकारातला खालचा आकडा कमी झाला की दर वाढतो. वरचा कमी झाला की घटतो. दोन चुका एकमेकींना किती खातात, हे कुणी शोधलं तर तो उत्तम प्रबंध होईल.

मोजण्यातला गोंधळ टाळायचा एक मार्ग पुण्याजवळ वढूला आहे. डॉ. बानू कोयाजींनी केईएम रुग्णालयातर्फे सत्तरच्या दशकात तिथे ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. २००२ पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या काही गावांत प्रत्येक घराला नियमित भेट देऊन जन्म, मृत्यू, स्थलांतर नोंदवलं जातं. ते काम उभं करणारे डॉ. संजय जुवेकर मानववंशशास्त्राचे. हे मुद्दाम सांगतो, कारण या विषयाला डॉक्टरच व्हावं लागतं किंवा संगणक अभियंताच लागतो, असा समज आहे. पुण्यात अखेरची वर्षं घालवलेले डॉ. पां. वा. सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, शिक्षणाने संख्याशास्त्रज्ञ. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी सांभाळला आणि भारतात उपाशी माणसं नेमकी किती, या मोजणीवर वि. म. दांडेकरांशी मोठा वाद घातला. पाटी पोषणाची होती, भांडण मात्र आकडा कसा काढायचा याचंच.

कड्याच्या दुसऱ्या बाजूला, चाळीसएक किलोमीटरवरच्या जामखेडला तर डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांनाच आरोग्याचं काम शिकवलं. सुरुवातीला प्रकल्पाच्या गावांत हजार जन्मांमागे १७६ बालकं दगावत. नव्वदच्या दशकात ते प्रमाण तिशीच्या खाली आलं. कोणत्या घरात कोण गरोदर, कुणाचं मूल वाळत चाललंय, हे त्या बायकांना तोंडपाठ असे. माहितीशास्त्राच्या पुस्तकात याला काय म्हणतील ते म्हणोत.

ज्यांना आज हा विषय शिकायचा, शिकवायचा आहे, त्यांना वाटा आहेत. मुंबईत देवनारला १९५६ पासूनची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच करते. टाटा मेमोरियलमध्ये कर्करोगाच्या साथरोगशास्त्राचं स्वतंत्र केंद्र आहे. आयआयटी मुंबईत डिजिटल आरोग्याचं कोइटा केंद्र निघालं आहे. पुण्यात विद्यापीठाचा सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम आहे, आणि सी-डॅकमध्ये आरोग्य नोंदींच्या राष्ट्रीय मानकांचं काम चालतं: एका रुग्णालयाची नोंद दुसऱ्याला कळावी म्हणून दोघांनी कोणते शब्द, कोणते संकेतांक वापरायचे, याचं. संख्याशास्त्र, नर्सिंग, फार्मसी, संगणक, समाजशास्त्र, कोणत्याही दाराने आत येता येतं. अडचण दुसरीच आहे. विद्यापीठात बढती मिळते निबंधांवर, आणि निबंध लवकर होतात तयार आकड्यांवर. गावात जाऊन आकडा कसा जन्मतो हे पाहण्यात दोन-तीन वर्षं जातात आणि हाती एखादाच निबंध लागतो. म्हणून पुष्कळ हुशार मुलं दुसऱ्याने जमवलेल्या आकड्यांवर कृत्रिम बुद्धिमत्ता चालवत बसतात. त्या यंत्राला कड्याची ती बाई हडपसरची वाटते, आणि ती हडपसरची नाही हे त्याला कुणी सांगत नाही.

आता १४ अंकी आभा क्रमांक आला आहे. २०२१ पासूनच्या डिजिटल आरोग्य अभियानात नगरची पॅथॉलॉजी, पुण्याचं रुग्णालय आणि गावचं उपकेंद्र एका धाग्यात ओवण्याची सोय आहे. धागा चांगला आहे. मात्र तो ओवायला प्रत्येक टोकाला कुणीतरी तो क्रमांक विचारायला हवा आणि नोंद भरायला हवी. जे रुग्णालय ते करत नाही, तिथे धागा तुटतो.

तोवर वाचकांना करण्याजोग्या दोन-तीन साध्या गोष्टी आहेत. घरात कुणाला कर्करोगाचं निदान झालं तर तुकड्याच्या तपासणीचा मूळ अहवाल जपा. निदान नेमक्या कोणत्या जागेचं, हे त्यावरच असतं. रुग्णालयात पत्ता सांगताना ज्यांच्या घरी उतरलात त्यांचा देऊ नका, तो फार तर संपर्कासाठी द्या. कायमचा पत्ता म्हणून गाव, तालुका, जिल्हा सांगा. आणि माणूस घरी गेला, तर मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करताना, शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून कारणाचा दाखला मागून घ्या. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४ असतो, घरच्या मृत्यूसाठी ४ अ. हा दुसरा नमुना पुष्कळांना माहीतच नसतो, कधी कधी देणाऱ्यालाही आठवण करून द्यावी लागते.